बाभळीच्या पूर्वेला बारा फूट

पंच म्हणून मी आयुष्यात एकदाच सही केली. दुसऱ्यांच्या सह्या मात्र किती घेतल्या असतील त्याला गणती नाही. मी भूकरमापक. शेतात मशीन लावायचं, हद्दी काढायच्या, खुणा दाखवायच्या आणि शेवटी शेजारच्या शेतकऱ्यांना बोलावून पंचनाम्यावर सह्या घ्यायच्या, हे माझं काम. तोवर उन्हं कललेली असायची, धारांची वेळ झालेली असायची, माणसं कंटाळलेली असायची. पुष्कळदा मीच म्हणायचो, "सह्या करून जावा, मजकूर मी ऑफिसात लिहितो." ते सह्या करून जायचे. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर लोक विचारतात, शिकलासवरलेला माणूस असं कसं करू शकतो. सवय असली की करू शकतो.

तेव्हा माझी नेमणूक तासगावला होती. घर साताऱ्याजवळच्या गावात. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका, मुलगी पहिलीत. मी तासगावात खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी एसटीनं घरी जायचो. मार्च महिना होता, बेदाण्याचा हंगाम. गावाबाहेर पडलं की प्रत्येक शेडमधून गंधकाचा वास यायचा.

अशाच एका शेडला लागून मालकाचं घर होतं. मालक आणि त्यांची बायको, दोघं सत्तरीच्या पुढची, आणि सहा वर्षांची नात, अशा तिघांना भरदुपारी कुणीतरी कोयत्यानं मारलं. मुलीचे वडील सौद्यासाठी सांगलीला गेले होते. ते परत आले तेव्हा दार उघडंच होतं. पुढचं मी ऐकलं ते लिहीत नाही. सगळ्या तालुक्यानं ऐकलं. त्या आठवड्यात मी रोज दोनदा घरी फोन करून मुलगी कुठे आहे ते विचारत होतो.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी एकाला पकडलं. गेल्या हंगामात तो त्या शेडवर कामाला होता, मालकाशी भांडून गेला होता. आता कुपवाडला एका फौंड्रीत काम करत होता. खुनाच्या दिवशी त्याला तासगावच्या रस्त्याला पाहिल्याचं कुणीतरी सांगत होतं. आरोपी मिळाल्याची बातमी आली तेव्हा मला बरं वाटलं, हे खरं आहे. सगळ्यांनाच वाटलं.

दोन दिवसांनी पोलिसांचं पत्र आमच्या ऑफिसात आलं. पंच म्हणून दोन कर्मचारी द्यावेत. सरकारी माणूस साक्षीत फिरत नाही म्हणून पोलिसांना तोच पंच लागतो. साहेबांनी मला आणि ऑफिसच्या शिपायाला पाठवलं. शिपाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, शांत माणूस. जाताना म्हणाला, "दोन तासांचं काम हाय. जेवायला माघारी येऊ."

पोलीस स्टेशनात आरोपी भिंतीला टेकून खाली बसला होता. पस्तिशीचा असेल. फौजदार म्हणाले, "त्यानं कबूल केलंय. कोयता लपवलाय ती जागा दाखवतो म्हणतोय." आरोपीनं आमच्यासमोर तोंड उघडलं नाही. त्याचं निवेदन टाइप होऊन तयार होतं. 'मी स्वखुशीने सांगतो की' अशी सुरुवात. आम्ही दोघांनी त्यावर सह्या केल्या. ते निवेदन आमच्यासमोर झालं, असं त्यात लिहिलेलं होतं.

मग दोन जीप निघाल्या. पुढच्या जीपमध्ये तोंडावर काळा बुरखा घातलेला आरोपी, मागच्यात आम्ही. वाटेत एका हॉटेलाशी आमची जीप थांबली. बरोबरच्या हवालदारानं चहा सांगितला, मग भजी सांगितली. मी घड्याळ बघितलं तर म्हणाला, "घ्या निवांत. आरोपी काय पळून जात नाही."

आम्ही पोचलो तेव्हा शेडच्या मागच्या ओढ्याच्या काठाला खड्डा काढलेला होता आणि कोयता वर्तमानपत्रावर ठेवलेला होता. आरोपी जीपमध्येच बसला होता, हातात बेड्या. मी विचारलं, "झालं काढून?"

"आत्ताच काढून दिला त्यानं," फौजदार म्हणाले. "तुम्ही पाच मिनिटं उशिरा आलात."

त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं, की उशीर झाल्याबद्दल मलाच ओशाळल्यासारखं झालं. एक पोलीस जीपच्या बॉनेटवर पंचनामा लिहीत होता. आरोपी पंचांना घेऊन चालत गेला, आरोपीने पंचांसमक्ष हाताने माती उकरली, असं सगळं लिहून झालं होतं. मी वाचलं. एका जागी लिहिलं होतं, बाभळीच्या पश्चिमेस अंदाजे दहा फूट. मी वर बघितलं. सूर्य कुठे, बाभूळ कुठे, खड्डा कुठे.

"साहेब, ही पूर्व आहे," मी म्हणालो.

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुंध्यापासून खड्ड्यापर्यंत पावलं टाकली. इतक्या वर्षांत पाऊल बसलेलं असतं. बारा फूट भरलं. त्यांनी लिहिलेलं खोडून दुरुस्त करायला लावलं: बाभळीच्या पूर्वेस बारा फूट. त्या दुरुस्तीवरही मी छोटी सही केली. शिपायानं माझ्याखाली केली.

त्या खड्ड्यातली माती ओली होती आणि कोयत्याखालचा कागद कोरडा होता, त्यावर चिखलाचा डागही नव्हता, हेही मी बघितलं होतं. पण ते मी कुणाला विचारलं नाही. दिशा चुकलेली मला सहन झाली नाही. बाकीचं झालं.

खटला उभा राहायला अडीच वर्षं गेली. सांगलीच्या कोर्टातून समन्स आलं तेव्हा माझी बदली साताऱ्याला झाली होती आणि बायको-मुलीला घेऊन मी तिथेच राहायला आलो होतो. साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांच्या माणसानं मला पंचनाम्याची प्रत वाचायला दिली. मी ती पाठ केली. खरं सांगायचं तर तोवर मला ते चित्र दिसायलाही लागलं होतं. आरोपी पुढे, आम्ही मागे, तो वाकतो, माती उकरतो. भजीचं हॉटेल त्या चित्रात नव्हतं.

पिंजऱ्यात उभं राहून मी शपथ घेतली आणि सांगितलं. दिशा सांगितली, अंतर सांगितलं. आरोपीला सरकारनं दिलेला वकील होता. त्यानं आठ-दहा प्रश्न विचारले. शेवटचा नेहमीचा होता: पोलिसांच्या सांगण्यावरून तुम्ही कोऱ्या कागदांवर सह्या केल्या.

मी म्हणालो, "हे म्हणणे खरे नाही."

आणि ते खरोखरच खरं नव्हतं. कागद कोरे नव्हते. या एका शब्दाला धरून मी पुढे पुष्कळ दिवस काढले. आरोपी कोपऱ्यात उभा होता. मी उतरताना त्यानं माझ्याकडे बघितलं, पण रागानं नाही. आपल्याबद्दल काय बोललं गेलं ते न कळलेल्या माणसासारखं.

चार महिन्यांनी निकाल लागला. फाशी. कोर्टाबाहेर पेढे वाटले गेले. निकालपत्रात माझ्याबद्दल एक परिच्छेद होता. हा साक्षीदार शासकीय भूकरमापक आहे, त्याचा आरोपीशी परिचय वा वैर नाही, त्याने दिशा व अंतर अचूक सांगितले आहे, त्याच्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण दिसत नाही. इंग्रजीतला तो मजकूर मला एका ओळखीच्या वकिलानं मराठीत करून वाचून दाखवला. त्याला वाटलं, मला आनंद होईल.

आनंद वडिलांना झाला. त्यांनी पारावर सांगितलं, "माझ्या पोराच्या साक्षीवर गेला त्यो." त्या रविवारी तीन माणसं माझा हात हातात घेऊन गेली. एका म्हाताऱ्यानं तर पाठीवर हात फिरवून म्हटलं, "लय चांगलं काम केलंस गड्या." मी मान हलवली. त्या दिवसापासून मला गावात जायचं म्हटलं की नको वाटू लागलं.

फाशी लगेच होत नाही, हायकोर्टानं कायम करावी लागते, हे मला माहीत होतं. मी स्वतःला सांगायचो, वर मोठे लोक आहेत, ते बघतील. पण वर जे बघणार ते काय बघणार? कागदच बघणार. आणि त्या कागदातली एकुलती एक चूक मी स्वतः दुरुस्त करून ठेवली होती.

निकालानंतर सहा-सात महिन्यांनी एक बाई साताऱ्याच्या ऑफिसात आली. जेवणाची सुट्टी होती. साधी सुती साडी, हातात प्लास्टिकची पिशवी. कुपवाडच्या सूतगिरणीत कामाला आहे म्हणाली. मी विचारलं, कुठल्या गटाची मोजणी? ती म्हणाली, "मोजणी न्हाई सायेब. मी त्याची भन हाय."

कुणाची ते मला लगेच कळलं. मी तिला बाहेर वडाखाली नेलं. ऑफिसात नको म्हणून.

"म्या भांडाय आल्याली न्हाई," ती म्हणाली. "एकच इचारायचं हाय. त्यानं कोयता काढून दिला तवा तुमी बघितलं न्हवं?"

"हो."

"कंच्या हातानं माती काढली?"

मी गडबडलो. मग म्हणालो, "उजव्या."

"त्यो डावरा हाय सायेब," ती म्हणाली. "आईनं लहानपणी लय मारला, उजव्या हातानं जेव म्हून. सुटलं न्हाई." मग स्वतःच समजूत घातल्यासारखं म्हणाली, "बेड्या हुत्या न्हवं. काढली आसंल उजव्यानं."

पिशवीतून तिनं एक चिठ्ठी काढली. तिच्यावर एका वकीलबाईंचा नंबर होता. "ह्या मुंबईच्या. पैसं घेत न्हाईत. त्या म्हनल्या, साक्षीदारांकडं जाऊ नगा, त्येनं उलटंच हुतंय. तरीबी आले. काय आठवलं तर लावा." आणि ती सातारा-सांगली गाडी चुकेल म्हणून निघाली.

डावरेपणानं खून सिद्ध होत नाही आणि खोटाही ठरत नाही, हे मला कळत होतं. त्यानं मी खोटा ठरत होतो. कोर्टात खोटं बोललो तेव्हा शब्दांचा आडोसा होता. वडाखाली तर मी नवं खोटं रचलं, तेही कुणी सांगितलेलं नसताना.

चिठ्ठी मी पाकिटात ठेवली आणि आठ महिने ठेवली. त्या आठ महिन्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ऑफिस, मोजण्या, घर. मुलगी वाढत होती. वर्तमानपत्रात कुठेही फाशी हा शब्द दिसला की आधी पान उलटायचो आणि मग परत यायचो. कुठे बसलो तरी दाराकडे तोंड करून बसायची सवय लागली, कशासाठी ते सांगता येणार नाही. बायकोनं एकदा विचारलंच, मग मी तिला सगळं सांगितलं.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. "तो निर्दोष आहे का?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"मग तुम्ही त्याला सोडवणार, आणि त्यानंच केलेलं असलं तर? त्या मुलीच्या बापाला काय सांगणार?" आणि मग, "आपल्या मुलीला काय सांगणार? बाप तुरुंगात का आहे म्हणून?"

बोललो तर कदाचित एक खुनी सुटेल. गप्प बसलो तर कदाचित एक निरपराध माणूस लटकेल. दोन्हीकडे मीच होतो. आमच्या कामात मोजणी चुकली तर फेरमोजणीचा अर्ज करता येतो, वरिष्ठ येतात, दगड हलतो. कितीतरी हद्दी मी दहा-दहा वर्षांनी सरकवलेल्या आहेत. फाशी दिलेल्या माणसाची फेरमोजणी कुठे करायची, हे माझ्या डोक्यातून जाईना. बापजन्मात मी या प्रश्नाचा विचार केला नव्हता. फाशी असावी, असंच मला वाटायचं, जसं सगळ्यांना वाटतं.

आधी मी तासगावला शिपायाकडे गेलो. तो निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. द्राक्षाच्या मांडवाखाली बसलो. तो म्हणाला, "आपुन पाच मिनिटं उशिरा गेलो, एवढंच. त्यानंच काढलाय."

"आपण बघितलं का?"

"न्हाई बघितलं. पन मी कोर्टात बघितलं म्हनलोय. आता त्येच खरं." तो उठला. "तुमी काय करायचं त्ये करा. मला इचारलं तर मी पयलंच सांगनार."

मग मी चिठ्ठीवरचा नंबर लावला. वकीलबाई दुसऱ्या कामासाठी साताऱ्याकडे येणार होत्या. साताऱ्यात भेटायला मला भीती वाटली, म्हणून शिरवळला हायवेवरच्या एका हॉटेलात भेटायचं ठरलं. त्या माझ्याहून लहान होत्या, बारीक आवाजाच्या. मी सांगत असताना त्यांनी काही लिहून घेतलं नाही.

"एक गोष्ट आधी सांगते," त्या म्हणाल्या. "मी त्याची वकील आहे, तुमची नाही. हे सगळं प्रतिज्ञापत्रावर यायचं असेल तर आधी तुमचा स्वतःचा वकील गाठा. तुमच्यावर खोट्या साक्षीचा खटला होऊ शकतो. नोकरी जाऊ शकते."

"किती शिक्षा असते?"

त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "जाणूनबुजून दिलेल्या खोट्या साक्षीवरून निर्दोष माणसाला फाशी झाली, तर साक्षीदारालाही फाशी होऊ शकते, असं कायद्यात आहे. तुमच्या बाबतीत तसं होईल असं मी म्हणत नाही. पण तुम्ही ते इतर कुठून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं."

शेजारच्या टेबलावर कंपनीची शिफ्ट संपवून आलेली मुलं मिसळ खात होती.

"त्यानं केलंय का?" मी विचारलं.

"तो म्हणतो नाही. मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"तेच कोर्टाला सांगायचंय. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून."

त्या रविवारी मी वडिलांना शेतात गाठलं. ते उसाला पाणी देत होते. बांधावर बसून सांगितलं. त्यांनी फावडं खाली ठेवलं नाही. ऐकता ऐकता एका सरीचं दारं मोडून पाणी दुसरीला वळवलं. मग म्हणाले, "सही तुझीच हाय न्हवं?"

"माझीच."

"आन बघितलं न्हाईस."

"नाही."

"मी लोकांस्नी सांगत फिरलो."

त्यांनी फावडं सरीत मारलं. ते म्हणाले, "फाशी असावी, हे माझं मत हाय आन ऱ्हाणार. पोरगी सहा वर्षाची हुती. पन पहाऱ्यावरचा शिपाई न बघता 'आल वेल', समदं ठीक, म्हणत आसंल तर ती फौज कशाची?" पाणी सरीच्या टोकाला पोचलं होतं. "जा, सांगून ये. आत टाकलं तर मी हाय घरी."

त्यांनी पारावर जाणं बंद केलं. मला कधी बोलले नाहीत, पण बंद केलं.

मी साताऱ्यात वकील गाठला, प्रतिज्ञापत्र झालं. तारखा पडत तीन वर्षं गेली, मग हायकोर्टानं माझी साक्ष पुन्हा घ्यायला सांगितलं, त्याच सांगलीच्या कोर्टात. न्यायाधीश नवे होते, पिंजरा तोच. सरकारी वकिलांचा उलटतपास दीड तास चालला.

"तेव्हाही शपथ घेतली होती?"

"हो."

"मग तेव्हा खोटं बोललात की आज बोलताय?"

"तेव्हा."

"आरोपीच्या नातेवाइकांना तुम्ही भेटलात?"

"त्याची बहीण आली होती."

"तिनं काय दिलं?"

"चिठ्ठी."

कोर्टात कुणीतरी हसलं. चिठ्ठीत काय होतं ते मी सांगितलं, पण हसणं होऊन गेलं होतं. मी हॉटेल सांगितलं, भजी सांगितली, ओली माती आणि कोरडा कागद सांगितला. मग त्यांनी पंचनामा पुढे धरला. "ही दुरुस्ती कुणी करायला लावली?"

"मी."

"म्हणजे जागेवर तुम्ही होतात, अंतर मोजलंत, दिशा तपासलीत, आणि कोयता निघताना तेवढा बघितला नाहीत?"

"नाही बघितला."

माझ्यानंतर दोन दिवसांनी शिपायाची साक्ष झाली. तो पहिलंच बोलला.

सव्वा वर्षानं हायकोर्टाचा निकाल आला. पंचांपैकी एकावर विश्वास ठेवता येत नाही, आणि कुठल्या एकावर तेही ठरवता येत नाही, त्यामुळे कोयत्याची जप्ती पुराव्यातून बाजूला ठेवावी लागेल. ती काढली तर उरतो तो रस्त्याला दिसलेला माणूस आणि जुनं भांडण. तेवढ्यावर फाशी सोडा, शिक्षाही टिकत नाही. निर्दोष मुक्तता. त्याच निकालाच्या शेवटी माझ्याविरुद्ध खोट्या साक्षीची कारवाई सुरू करण्याचा आदेश होता. पुढच्या महिन्यात मी निलंबित झालो.

बहिणीचा फोन आला. जेवायला या म्हणाली. मी नको नको म्हणत गेलो. कुपवाडला एमआयडीसीच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्या. तो बाजेवर बसला होता. वजन उतरलं होतं, केस पांढरे झाले होते. बहीण म्हणाली, "दार लावू देत न्हाई. आंघोळीला गेला तरी उघडंच."

आम्ही जेवलो. तो डाव्या हातानं जेवला. मी त्याची माफी मागितली. तो ताटाकडे बघत म्हणाला, "तुमी आला तवा मी जीपमदी हुतो. बुरख्याखालनं पाय दिसायचे निस्ते. काळं बूट हुतं तुमचं. म्या म्हनलं, आता ह्यो माणूस तरी काय इचारंल."

मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि ती विचारायचा मला अधिकार उरला नव्हता. तरी मी विचारलं. सरळ नाही, वळसा घेऊन. "तो कोयता कुणाचा होता?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. कोर्टात बघितलं होतं तसंच. "कोयतं समद्यांच्यात आसत्यात सायेब," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

त्या उत्तराचा अर्थ मी सगळ्या बाजूंनी लावून बघितला आहे. ते निर्दोष माणसाचं उत्तर असू शकतं. नसूही शकतं.

महिन्याभरानं मारल्या गेलेल्या त्या मुलीचे वडील माझ्या साताऱ्याच्या घरी आले. आधी फोन केला नव्हता. मी दार उघडलं आणि ओळखलं. माझ्या दोन्ही साक्षींना ते पहिल्या बाकावर बसले होते. बायकोनं पाणी दिलं. चहा नको म्हणाले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर मी हात वर केला नसता.

ते म्हणाले, "सांगलीच्या निकालाच्या दिवशी चॅनेलवाल्यांनी माईक धरला. मी म्हणालो, फाशीच पाहिजे. सगळे तेच म्हणत होते. आम्ही जैन, आमच्या घरात कीड-मुंगी मारत नाहीत, आणि मी माणूस मारायला सांगितला. नंतर बरेच दिवस देरासरात दर्शनाला गेलो नाही."

त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"मला खरं कोण ते पाहिजे होतं. फाशी नंतरची गोष्ट. तुम्ही त्या दिवशी म्हणाला असतात, की आम्ही बघितलं नाही, परत शोधा, तर पोलिसांनी शोधलं असतं. तोच असता तर पुरावा मिळाला असता. दुसरा असता तर दुसरा मिळाला असता. आता इतकी वर्षं गेली. शेड मी विकली. तो ओढाही बुजवलाय. आता कोण शोधणार आणि काय शोधणार?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"तुम्ही त्याला सोडवलंत असं लोक म्हणतात. काही जण तुम्हाला चांगलं म्हणतात. मी नाही म्हणत. वाईटही म्हणत नाही. मला तुमच्याबद्दल काय वाटतं तेच कळत नाही. ते बघायला आलो होतो."

मग त्यांनी भिंतीवरच्या माझ्या मुलीच्या फोटोकडे पाहिलं. दहावीला आहे का, असं विचारलं. मी हो म्हणालो. त्यांचीही या वर्षी दहावीलाच असती. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. अंधाराआधी जेवायचं असतं, म्हणून ते लगेच निघाले. मी फाटकापर्यंत गेलो. गाडी वळेपर्यंत उभा राहिलो.

माझा खटला सांगलीत सुरू आहे. दर महिन्या-दीड महिन्याला तारीख पडते. पहाटेच्या गाडीनं जातो, बाकावर बसतो, पुढची तारीख घेऊन येतो. माझा वकील म्हणतो, स्वतःहून सत्य सांगितलं हा मुद्दा मोठा आहे, आपण लढू, पोलिसांनी फसवलं असं म्हणू. मला तसं म्हणायचं नाही. मला कुणी फसवलं नाही. पाच मिनिटं उशीर झाला, असं मला सांगितलं गेलं, आणि ते खरं मानणं त्या दिवशी मला सोयीचं होतं. वकील चिडतो. म्हणतो, गुन्हा कबूल केलात तर नोकरी कायमची गेली, पेन्शनही जाईल, घरच्यांचा विचार करा. बायको त्याच्या बाजूनं आहे. वडील अजून पारावर जात नाहीत.

गेल्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, आरोप मान्य आहे का? माझ्या वकिलानं माझ्या आधी उठून मुदत मागितली. ती मिळाली. परतताना एसटीत त्यानं सांगितलं, घरी जाऊन शांतपणे ठरवा. मी म्हणालो, ठरलंय, पुढच्या तारखेला मान्य म्हणणार. तो खिडकीकडे तोंड करून बसला.